कांदा, कॉल्चिसिन आणि सोळा गुणसूत्रं: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

सायटोजेनेटिक्सचं, म्हणजे पेशीतली गुणसूत्रं अभ्यासण्याचं, प्रॅक्टिकल सोपं असतं, असं मला सिनिअर मुलींनी सांगितलं होतं. कांद्याचं मूळ घ्यायचं, कॉल्चिसिन नावाच्या विषारी रसायनात बुडवायचं, रंगवायचं, दाबायचं आणि सोळा गुणसूत्रं मोजायची. मला पहिली मोजता येण्यासारखी पेशी मिळायला पाच आठवडे लागले. दर वेळी मी म्हणायचे, कॉल्चिसिन जुनं असेल. दर वेळी कॉल्चिसिन ठणठणीत असायचं आणि घोळ दुसरीकडेच निघायचा. कधी कांदा झोपलेला, कधी फिक्सेटिव्ह (पेशी आहे त्या स्थितीत गोठवणारं द्रावण) आदल्या दिवशीचं, कधी स्लाइडवर माझा अंगठा घसरलेला.

आता बडोद्यात दर वर्षी नव्या मुलांना हेच दाखवायची वेळ येते. निम्मी मुलं मराठी, निम्मी गुजराती. गुजराती पुस्तकात ‘रंगसूत्र’ असतं, आपल्या पुस्तकात ‘गुणसूत्र’, आणि पहिल्या तासाला हमखास कुणीतरी विचारतं की हे दोन वेगळे प्रकार आहेत का. एकच आहेत. मला विचाराल तर रंगसूत्र हा शब्द जास्त प्रामाणिक आहे, कारण रंगवल्याशिवाय ती दिसतच नाहीत.

आधी एवढं समजून घ्या

पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्मनलिकांचा एक सांगाडा उभा राहतो, त्याला स्पिंडल म्हणतात. गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून न्यायचं काम त्याचं. या नलिका ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटांनी बांधलेल्या असतात. कॉल्चिसिन त्या विटेला चिकटतं, मग ती वीट बांधकामात नीट बसत नाही. स्पिंडल उभा राहत नाही आणि गुणसूत्रं आखडून, जाड होऊन, पेशीत मधल्यामध्ये अडकतात. मोजायला ती नेमकी अशीच हवी असतात. ट्युब्युलिनचा शोधही याच औषधामुळे लागला. १९६० च्या दशकात बोरिसी आणि टेलर यांनी किरणोत्सारी कॉल्चिसिन पेशीत सोडलं आणि ते कशाला जाऊन चिकटतं याचा माग काढला.

पण कॉल्चिसिन पेशीला विभाजन करायला लावत नाही. जी पेशी आपणहून त्या टप्प्याला आली आहे, तिलाच ते अडवतं. काळा घोडा सर्कलवर रात्री तीन वाजता ट्रॅफिक पोलीस उभा केला, तरी अडवायला गाड्या कुठून येणार? तुमचं मूळ वाढत नसेल तर जगातलं सगळ्यात शुद्ध कॉल्चिसिन आणलंत तरी स्लाइडवर गोल गोल केंद्रकं सोडून काही दिसणार नाही. म्हणून या लेखात औषधापेक्षा कांद्याबद्दल जास्त वाचायला मिळेल.

औषधाचं कूळ मात्र सांगते, कारण ते आपल्या परसातलं आहे. १८२० साली पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते कॉल्चिकम या झाडाच्या कंदातून वेगळं काढलं. आपल्याकडे तेच रसायन कळलावीत असतं. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची तीच कळलावी. घरात लावली तर भांडणं होतात म्हणून आजी तिला अंगणात येऊ देत नसे. भांडणाचं माहीत नाही, पण कंद जहाल विषारी असतो आणि तो चुकून खाऊन विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तामिळनाडूत तिच्या बियांसाठी रीतसर शेती होते आणि तिथलं ते राज्यफूलही आहे.

पायरी १: कागद आणि बाटली

कांद्याच्या मुळांवर काम असेल तर कुठल्याही नैतिकता समितीची परवानगी लागत नाही. माणसाच्या रक्तावर किंवा उंदरावर काम करायचं असेल तर लागते, आणि ती हातात आल्याशिवाय बाटलीला हात लावू नका. कांद्यासाठी सहसा एवढं लागतं:

- रसायन मागणीचा फॉर्म, त्यावर गाइडची सही
- रसायनाचं सुरक्षा पत्रक, छापलेलं, मोबाइलवरचं नको
- विषारी रसायनांच्या रजिस्टरमध्ये नोंद: किती घेतलं, किती उरलं, कुणी घेतलं
- तुमची प्रयोगवही, पानांवर आकडे घातलेली

मागणी लिहिताना बाटलीचा आकार नीट लिहा. मी पहिल्या वेळी नुसतं ‘कॉल्चिसिन’ लिहिलं होतं. स्टोअरमधून विचारणा झाली, किती हवं? मी म्हटलं, एक ग्रॅम. किंमत ऐकल्यावर गाइडनी माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. १०० मिलिग्रॅमची कुपी मागवा. एका बॅचला ती पुरून उरते आणि तिचा आणखी एक फायदा आहे, तो पुढच्या पायरीत येईल.

इथला पहिला सापळा म्हणजे मेडिकलच्या दुकानातली गोळी. कॉल्चिसिन गाउट या सांधेदुखीवरचं जुनं औषध आहे, गोळ्या मिळतात, आणि दर वर्षी एक हुशार मुलगा विचारतो, गोळी कुटून वापरली तर? नको. गोळीत औषध नखभर आणि बाकी भरताड, ते भरताड द्रावण गढूळ करतं आणि नेमकं किती औषध उतरलं ते कळत नाही. शिवाय हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घरात येऊच नये. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे आणि खात्रीचा उतारा बाजारात मिळत नाही.

पायरी २: पावडर तोलू नका

हा सल्ला मला कुणी दिला असता तर किती बरं झालं असतं. कॉल्चिसिनची फिकट पिवळी पावडर हलकी असते. तोलताना पंखा चालू असला तर ती तुमच्या नाकात जाते, आणि बडोद्याच्या मे महिन्यात लॅबमधला पंखा कोण बंद करणार?

म्हणून कुपी उघडून पावडर बाहेर काढूच नका. १०० मिलिग्रॅमच्या कुपीतच थोडं थोडं डिस्टिल्ड वॉटर घाला, हलवा, विरघळलेलं द्रावण १० मि.लि.च्या मोजपात्रात ओता, कुपी पुन्हा दोन-तीनदा विसळून तेही त्यातच घाला आणि पाण्याने १० मि.लि.ची खूण गाठा. झाला १ टक्क्याचा स्टॉक, म्हणजे साठवणीचं दाट द्रावण. कॉल्चिसिन पाण्यात चांगलं विरघळतं, गरम करायची गरज नाही.

कामाचं द्रावण ०.०५ टक्क्याचं असतं. स्टॉकचा १ मि.लि. घ्या, त्यात १९ मि.लि. पाणी घाला, २० मि.लि. तयार. दशांश चिन्हाची चूक इथे सगळ्यात जास्त होते. ०.०५ टक्के म्हणजे एका मि.लि.मध्ये अर्धा मिलिग्रॅम, म्हणजेच ५०० मायक्रोग्रॅम. बाटलीवर दोन्ही लिहा.

एक इशारा, कारण मुलं एका प्रयोगाची कृती दुसऱ्याला लावतात. प्राण्यांच्या पेशींना याच्या हजारपटीहून कमी मात्रा पुरते, कारण वनस्पतींच्या ट्युब्युलिनला कॉल्चिसिन फार सैल चिकटतं. रक्ताच्या कल्चरची मात्रा कांद्याला दिलीत तर काही होणार नाही, आणि कांद्याची रक्ताला दिलीत तर सगळंच होईल.

स्टॉक तपकिरी बाटलीत, वरून अल्युमिनियम फॉइल गुंडाळून, फ्रिजमध्ये. प्रकाशात, विशेषतः अतिनील किरणांत, कॉल्चिसिन रूप बदलतं आणि त्या रूपाला ट्युब्युलिनची ओळख राहत नाही. खिडकीतल्या फळीवर विसरलेली बाटली म्हणजे महागडं पाणी. बाटलीवर नाव, प्रमाण, तारीख आणि लाल अक्षरांत ‘विष’.

हातमोजे नायट्राइलचे, डोळ्यांवर चष्मा, आणि पिपेट तोंडाने ओढायची नाही. हे लिहावं लागतंय याची मला लाज वाटते, पण ओढणारे अजून आहेत. कुणी गरोदर असेल तर तिने या बाकापासून लांब राहावं आणि त्याबद्दल बाकीच्यांनी प्रश्न विचारू नयेत.

पायरी ३: जागा कांदा शोधा

कांद्याची कापणी झाली की तो काही आठवडे झोपतो. उन्हाळ्यात बाजारात आलेला ताजा, चकचकीत कांदा पाण्यावर ठेवलात तर आठवडाभर तो तुमच्याकडे बघत बसेल. माझे पहिले दोन आठवडे असेच गेले. तुम्हाला हवा जुना, लहान, घट्ट कांदा, ज्याची बुडाची चकती खरवडलेली नाही. वर हिरवा कोंब डोकावत असेल तर उत्तम.

खंडेराव मार्केटमध्ये डुंगळीच्या ढिगासमोर बसून मी असे कांदे वेचत होते. विकणाऱ्या मावशी बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “बेन, सारी लो ने, आ तो ऊगी गयेली छे.” चांगले घे, हे तर उगवलेत. मी म्हटलं, मला तेच हवेत. त्यांनी पैसे निम्मे घेतले आणि बाजूच्या बाईला डोळ्यांनी काहीतरी सांगितलं.

घरी किंवा लॅबमध्ये आणल्यावर:

बाहेरची सुकी सालं काढा. जुन्या मुळांचे वाळलेले तंतू ब्लेडने अलगद खरवडा, पण चकतीच्या कडेचं वर्तुळ जपा, कारण नवी मुळं तिथूनच फुटतात. रुंद तोंडाच्या बाटलीवर किंवा काचेच्या ग्लासवर कांदा असा ठेवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. अर्धा कांदा पाण्यात गेला तर तो कुजतो आणि लॅबमधले सगळे तुमचं नाव घेतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरा आणि रोज बदला. अंधाऱ्या, गार कोपऱ्यात ठेवा.

गार हा शब्द महत्त्वाचा. २० ते २५ अंशांना कांद्याची मुळं सुखाने वाढतात. एप्रिल-मे मध्ये दुपारी पारा ४० च्या वर जातो तेव्हा पाणीच कोमट होतं, मुळं पिवळी पडतात आणि टोकं मऊ होतात. अशा वेळी एसी असलेल्या खोलीत कुणाची तरी मनधरणी करून एक कोपरा मिळवा, नाहीतर मातीच्या परातीत पाणी घालून त्यात बाटल्या ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. प्रोजेक्टची तारीख तुमच्या हातात असेल तर थंडीतली घ्या.

दोन-तीन दिवसांत दीड-दोन सेंटिमीटरची पांढरी, ताठ मुळं आली की ती तयार. पाच कांदे लावा, दोन नक्कीच दगा देतात.

पायरी ४: किती वाजता, किती वेळ

मुळाच्या टोकातल्या बहुतेक पेशी कुठल्याही क्षणी विभाजनात नसतात. विभाजन सकाळी जोरात असतं, असं आमच्याकडच्या कांद्यांवरून दिसलं आहे, म्हणून मी आठच्या सुमाराला सुरुवात करते. दांडिया बाजारातून सायकल काढून पावणेआठला लॅबमध्ये पोहोचायचे तेव्हा किल्लीवाले काका अजून दुधाची पिशवी घेऊन आलेले नसायचे. तुम्ही किल्लीची सोय आदल्या दिवशी करा.

कांदा तसाच उचलून कॉल्चिसिनच्या छोट्या कुपीवर ठेवा, जेणेकरून मुळांची टोकं द्रावणात बुडतील. किंवा मुळं कापून द्रावणात टाका. मला पहिली पद्धत आवडते, कारण मूळ झाडाला जोडलेलं असतं आणि वाढत राहतं. कुपीला फॉइल गुंडाळा. त्याच वेळी दुसऱ्या कांद्याची मुळं साध्या पाण्यात ठेवा. हा कंट्रोल, तुलनेसाठी. वेळ नाही म्हणून कंट्रोल गाळणारे पायरी ७ ला येऊन रडतात.

वेळ: तीन ते चार तास. बस.

‘अजून थोडं ठेवू या, जास्त पेशी अडकतील’ हा मोह प्रत्येकाला होतो आणि मलाही झाला. एका शनिवारी दुपारी मी मुळं द्रावणात ठेवली, घरी पाहुणे आले, आणि ती सोमवारी सकाळी आठवली. मुळांची टोकं आगकाडीच्या गुलासारखी फुगली होती. फुगीर टोक बघून मला वाटलं, केवढी वाढ झाली! स्लाइड केली, मोजायला लागले, आणि आकडा वीसच्या पुढे गेला, पंचवीसच्या पुढे गेला. बत्तीस. दुसऱ्या एका पेशीत तर मोजताच येईनात. मी वर्गात सांगत सुटले की माझा कांदा वेगळ्या जातीचा आहे.

गाइड हसले नाहीत, तेवढं त्यांचं मोठेपण. त्यांनी समजावलं की अडकलेली पेशी कायम अडकून राहत नाही. वाट बघून कंटाळते आणि न दुभंगताच पुन्हा एकाच केंद्रकात गुंडाळली जाते. आता तिच्यात दुप्पट गुणसूत्रं असतात. औषध तसंच राहिलं तर ती पुन्हा विभाजनाला येते, पुन्हा अडकते, आणि आता मोजाल तर बत्तीस. टोक फुगतं कारण पेशी लांबीला न वाढता आडव्या फुगतात. स्वीडनमध्ये लेव्हान यांनी १९३८ साली कांद्याच्याच मुळांवर हे सगळं तपशिलाने मांडलं होतं आणि या अडकलेल्या विभाजनाला सी-मायटोसिस हे नाव दिलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी ब्लेक्सली आणि एव्हरी यांनी धोतऱ्यावर हेच मुद्दाम घडवून दुप्पट गुणसूत्रांची झाडं मिळवली होती. पीक सुधारणाऱ्यांना जे हवं असतं ते मला नको असताना मिळालं होतं.

अति वेळाचा दुसरा तोटा साधा आहे. गुणसूत्रं इतकी आखडतात की तांदळाच्या कणीसारखी दिसतात, सेंट्रोमिअरची, म्हणजे गुणसूत्राचे दोन धागे जिथे जोडलेले असतात तिथली, खाच कुठे ते कळत नाही. मोजणं होतं, पण कॅरिओटाइप (गुणसूत्रांची आकारानुसार मांडणी) होत नाही. गजर लावा.

पायरी ५: फिक्स करणं

मुळं साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. टोकाचा साधारण एक सेंटिमीटर कापून फिक्सेटिव्हमध्ये टाका: तीन भाग शुद्ध अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. हे त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला बनवा. दोन्ही द्रव एकत्र राहिले की एकमेकांशी रासायनिक क्रिया करतात, गोडसर वास यायला लागतो आणि फिक्सेटिव्हचा दम जातो. माझा तिसरा आठवडा या गोडसर वासात वाया गेला.

रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा आणि फ्रिजमध्ये ठेवा, मुळं महिनोन्‌महिने टिकतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या फ्रिजमधली कल्चरं गेली, पण अल्कोहोलमधली मुळं जशीच्या तशी निघाली. तेव्हापासून मी मुळं लगेच रंगवायची घाई करत नाही, आधी सगळी अल्कोहोलमध्ये टाकून मोकळी होते. कुपीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग कंट्रोल कुठला, औषधाचा कुठला, हे देवाला माहीत.

पायरी ६: नरम करा, रंगवा, दाबा

१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड ६० अंशांना गरम करून त्यात मुळं पाच ते आठ मिनिटं. पेशींना जोडणारा गोंद यात सुटतो. कमी झालं तर पेशी ढिगाने राहतात, जास्त झालं तर मूळ चिमट्यातच लापशी होतं आणि रंगही धरत नाही. पाण्याने धुवा, मग २ टक्के ॲसिटो-ऑर्सिन या रंगात अर्धा तास. टोकाचा एक-दीड मिलिमीटर भाग बाकी मुळापेक्षा गडद होतो. तेवढाच हवा. उरलेलं मूळ निर्दयपणे कापून फेका. त्या लांब पेशी विभाजन करत नाहीत, फक्त कव्हरस्लिप उचलून धरतात.

दाबणं ही मात्र हाताची गोष्ट आहे, वाचून येत नाही, तरी सांगते. टोक स्लाइडवर, रंगाचा एक थेंब, वर कव्हरस्लिप. पेन्सिलच्या मागच्या रबराने हलके, उभे ठोके द्या, टोक ढगासारखं पसरेपर्यंत. स्लाइड स्पिरिट लॅम्पवरून दोन-तीनदा झर्रकन फिरवा. तळहाताच्या मागच्या बाजूला सोसेल इतकीच गरम, बुडबुडे आले की गेली. आता स्लाइड ब्लॉटिंग पेपरच्या घडीत ठेवा, एका हाताने कव्हरस्लिपचा कोपरा धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सरळ खाली दाबा. पोळपाटावर पोळी फिरवायची सवय असणाऱ्यांचा अंगठा इथे हमखास गोल फिरतो. कव्हरस्लिप केसभर जरी सरकली तरी गुणसूत्रं शेवयांसारखी ओढली जातात.

वीस स्लाइड फुकट जातील. त्यासाठी मुळं जास्तीची ठेवा.

पायरी ७: स्लाइड वाचा

आधी दहाच्या लेन्सवर फिरा, गडद ठिपक्यांचे पुंजके शोधा, मग चाळीसवर, मोजायची पेशी मिळाली तरच तेलाच्या लेन्सवर.

कॉल्चिसिन चाललं की नाही हे ओळखायची एकच खूण मी मुलांना सांगते: ॲनाफेज शोधा. साध्या पाण्यातल्या मुळांत गुणसूत्रांचे दोन गट एकमेकांपासून लांब जाताना सहज सापडतात. औषधातल्या मुळांत ते दिसायलाच नकोत, कारण ओढणारा स्पिंडलच नाही. तिथे गुणसूत्रं पेशीभर विखुरलेली दिसतात आणि प्रत्येकाचे दोन धागे बाजूला होऊन फक्त मध्ये जोडलेले, इंग्रजी एक्ससारखे. औषधाच्या स्लाइडवर ॲनाफेज दिसला तर औषध पोहोचलं नाही, किंवा बाटली प्रकाशात राहिली, किंवा चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या. माझ्या अनुभवात तिसरं कारण सगळ्यात जास्त वेळा खरं निघालं. आणि औषधाच्या स्लाइडवर विभाजनच नसेल तर कंट्रोल बघा. तिथेही नसेल तर दोष कांद्याचा, पायरी ३ ला परत.

किमान दहा चांगल्या पेशी मोजा. पंधरा आले तर एक गुणसूत्र दुसऱ्याखाली लपलंय, सतरा आले तर शेजारच्या पेशीतलं आत आलंय. सोळा पाहिजेत हे माहीत असल्यामुळे डोळे सोळा दाखवतात, म्हणून चित्र काढून, प्रत्येकावर आकडा घालून मोजा. हे हसण्यावारी नेऊ नका. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असं जगभरातली तज्ज्ञ मंडळी कित्येक वर्षं मोजत होती. १९५६ मध्ये चिओ आणि लेव्हान यांनी कॉल्चिसिन आणि पेशी फुगवणारं सौम्य द्रावण वापरून गुणसूत्रं नीट पसरवली, तेव्हा कुठे ती ४६ भरली. हे लेव्हान तेच, कांद्यावाले.

फोटो त्याच दिवशी काढा. कडेला नेलपॉलिश लावून सील केलेली स्लाइड काही दिवस टिकते, पुढे रंग सुकून स्फटिक होतात.

कॉल्चिसिन मिळालंच नाही तर

मागणीचा फॉर्म टेबलाटेबलांवर फिरत राहतो आणि सेमिस्टर संपतं, हे माझ्याही वाट्याला आलंय. ८-हायड्रॉक्सिक्विनोलिनचं ०.००२ मोलरचं द्रावण, गार जागी, तीन-चार तास, हा स्वस्त आणि चांगला पर्याय आहे. त्यात सेंट्रोमिअरच्या खाचा उलट जास्त स्पष्ट दिसतात, आणि कॅरिओटाइपसाठी मी स्वतः तेच वापरते. काहीच नसेल तर बर्फाच्या पाण्यात मुळं एक दिवस ठेवा, थंडीनेही सूक्ष्मनलिका मोडतात. ओरायझॅलिन हे तणनाशक वनस्पतींच्या ट्युब्युलिनला कॉल्चिसिनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतं, म्हणून फार कमी मात्रेत काम भागतं. शेतकरी कांद्याच्या वाफ्यात तण येऊ नये म्हणून पेंडिमेथॅलिन फवारतात, तेही याच घराण्यातलं. पण फवारणीचा डबा लॅबमध्ये आणू नका, त्यात इतर मिसळण खूप असतं.

पायरी ८: उरलेलं द्रावण आणि उरलेला कांदा

वापरलेलं कॉल्चिसिन, धुतलेलं पहिलं पाणी आणि पिपेटच्या टिपा वेगळ्या बाटलीत, झाकण घट्ट, वर चिठ्ठी, आणि संस्थेच्या घातक कचऱ्यात. बेसिनमध्ये नाही. हातमोजे काढल्यावर साबणाने हात धुवा, मगच चहा.

राहिला कांदा. मुळं कापल्यावर वरचा कांदा दिसायला अगदी चांगला असतो. एका संध्याकाळी मी आवरून निघाले आणि बघते तर किल्लीवाले काका ट्रेमधले चार कांदे पिशवीत भरत होते. “फेकून द्यायचे ना, मग मी नेतो, भजी होतील.” मी पिशवी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावली. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी खंडेराव मार्केटमधून एक किलो कांदे आणून त्यांना दिले आणि ट्रेवर मोठ्या अक्षरांत मराठी, गुजराती आणि हिंदी, तिन्ही भाषांत लिहून ठेवलं: विषारी आहे, खाऊ नका. तुम्ही ही चिठ्ठी पहिल्याच दिवशी लावा.